फ्लॉरेन्समधील घरगुती हॉटेल: खोली घेण्यापूर्वी काय विचारावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, पाच रात्रींसाठी फ्लॉरेन्सला जाणार आहे. पती-पत्नी, सत्तरीकडे झुकलेले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी अशी पाच माणसे आहेत. जुन्या शहरातील एक तीन-तारांकित हॉटेल त्यांना आवडले असून ते एक कुटुंब चालवते. मात्र जिना, खाणे-पिणे आणि रात्रीची ये-जा यांविषयी त्यांच्या मनात शंका आहेत. त्याऐवजी एखाद्या मोठ्या कंपनीचे हॉटेल किंवा स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे मराठी कुटुंबांचे युरोपचे प्रवास आखून देत आलो आहे, आणि माझे मत या घरगुती हॉटेलच्या बाजूने आहे. अट एकच आहे. अशा ठिकाणी खोलीचे भाडे भरताना आपण एका जुन्या इमारतीचा मजला आणि एका कुटुंबाचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी पत्करत असतो. या दोहोंची चौकशी आधीच नीट केली, तर पुढच्या बहुतेक अडचणी उद्भवत नाहीत.

आधी इमारतीविषयी सांगतो. फ्लॉरेन्समधील लहान हॉटेलांपैकी अनेकांकडे संपूर्ण इमारत नसते. चार-पाच मजली जुन्या वास्तूत खाली दुकाने, एका मजल्यावर वकिलाचे कार्यालय किंवा दंतवैद्य, एका मजल्यावर राहती घरे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर हॉटेल अशी रचना असते. यांतील कित्येक हॉटेले पूर्वी ‘पेन्शिओने’ म्हणून ओळखली जात आणि तिथे राहण्याबरोबर जेवणाचीही सोय असे. १९८३च्या कायद्यानंतर तो प्रकार मागे पडून त्यांना तारे मिळाले, पण जिने आणि भिंती होत्या तशाच राहिल्या. शहराचा ऐतिहासिक भाग १९८२पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि इटलीचे वारसा-संरक्षणाचे कायदे कडक आहेत. त्यामुळे मालकाची इच्छा आणि ऐपत असली, तरी जिना तोडून रुंद करणे किंवा दर्शनी खिडकीला हात लावणे त्याच्या हातात नसते. लिफ्ट बसवायची, तर ती जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत मावेल एवढीच बसवावी लागते. परिणामी बऱ्याच ठिकाणी लिफ्टमध्ये दोन माणसे आणि एक बॅग एवढेच मावते.

म्हणून ‘लिफ्ट आहे का’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात, ती हॉटेलच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आपल्या खोलीपर्यंत आणखी पायऱ्या आहेत का, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. शेजारच्या दोन वास्तू आतून जोडून हॉटेल केलेले असले, की दोन्हींच्या जमिनी एका पातळीत नसतात आणि मार्गिकेच्या मधोमध चार पायऱ्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला रात्री न्हाणीघराकडे जाताना या चार पायऱ्या खालच्या चाळीस पायऱ्यांपेक्षा जास्त जाचतात. मजले मोजण्याची पद्धत आपल्यासारखीच आहे, तळमजला सोडून वरचा तो पहिला. पण जुन्या प्रासादांतील छत इतके उंच असते, की तिथला दुसरा मजला चढताना आपल्या सोसायटीतील चौथ्या मजल्याएवढा दम लागतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की जुन्या लिफ्टला आतली लाकडी दारे आणि बाहेरचे जाळीचे दार, अशी हाताने लावायची दुहेरी दारे असतात. बाहेरचे दार नीट लागले नाही, तर लिफ्ट त्याच मजल्यावर अडकून राहते आणि खाली कोणी तरी बटण दाबत ताटकळत उभे असते. मुलीला हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.

यानंतर आपण निवडलेली जागा खरोखर हॉटेल आहे का, हे पाहावे. ही शंका विचित्र वाटेल, पण ती योग्य आहे. फ्लॉरेन्स ज्यात येते त्या तोस्काना प्रांताच्या नियमांनुसार ‘आल्बेर्गो’ म्हणजे हॉटेल म्हणवून घेण्यासाठी किमान ७ खोल्या लागतात, तर ‘आफित्ताकामेरे’ या प्रकारात जास्तीत जास्त ६ खोल्या भाड्याने देता येतात. संकेतस्थळावर दोन्ही सारखेच देखणे दिसतात. दुसऱ्या प्रकारात मात्र स्वागतकक्षावर कोणी बसलेले असेलच असे नाही, आणि दाराचा सांकेतिक क्रमांक फोनवर पाठवून मालक मोकळा होतो. तरुण जोडप्याला ते चालते. संध्याकाळी वडिलांना औषधासाठी कोमट पाणी हवे असेल किंवा न्हाणीघराचा नळ बंद होत नसेल, तेव्हा घरात माणूस असणे हीच अशा हॉटेलाची खरी किंमत असते, म्हणून आपण पहिला प्रकारच घ्यावा. २०२५पासून इटलीतील प्रत्येक पर्यटक-निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत देणे आणि इमारतीच्या दाराबाहेर लावणे बंधनकारक झाले आहे. तो क्रमांक दिसत नसेल, तर पुढे जाऊ नये.

अपार्टमेंटविषयी इथेच सांगून टाकतो. फ्लॉरेन्सच्या मध्यभागी अल्पकालीन भाड्याची घरे इतकी वाढली, की २०२३मध्ये महापालिकेने जुन्या शहरात भाड्याच्या अशा नव्या घरांना बंदी केली आणि पुढे रस्त्यावर लटकणाऱ्या किल्ल्यांच्या पेट्यांवरही बंदी आणली. स्थानिकांचा राग समजण्याजोगा आहे. तरीही रोज दोन्ही वेळा घरचाच स्वयंपाक हवा असेल, तर अपार्टमेंटला पर्याय नाही, कारण हॉटेलच्या खोलीत शिजवणे कुठेही चालत नाही आणि घरगुती हॉटेलात तर ते लगेच कळते. फोडणीचा वास जिन्यातून वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांपर्यंत जातो आणि ऐकून घ्यावे लागते ते मालकाला. बरोबर नेलेले दशम्या, चटण्या, लाडू खोलीत खायला कोणाची हरकत नसते. गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा करायचे असतील, तर पाणी मालकांकडे मागावे. इटलीतील खोल्यांत किटली सहसा ठेवलेली नसते, आणि आपली प्रवासी किटली किंवा शेगडी लावल्यास जुन्या वायरिंगवर ताण येऊन मजल्याची वीज जाण्याचा संभव असतो. तिथल्या सॉकेटला तीन छिद्रे एका ओळीत असतात, त्यामुळे अडॅप्टर इथूनच घेऊन जावा.

जागेच्या निवडीत मी या कुटुंबाला सांता मारिया नोव्हेला या मुख्य रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरात राहण्याचा सल्ला देईन. विमानतळावरून येणारी ट्राम स्थानकाशेजारी येते, रोमहून येणारी वेगवान गाडी दीड तासाच्या आसपास तिथेच सोडते, आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढण्याचे अंतर कमी राहते. नदीपलीकडचा सांतो स्पिरितो आणि सान फ्रेदियानोचा भाग मला स्वतःला अधिक आवडतो, कारण तिथे अजून कारागिरांची दुकाने आणि राहती वस्ती आहे. पण सांतो स्पिरितोच्या चौकात, तसेच सांता क्रोचे आणि सांत’आंब्रोज्योच्या आसपास रात्री उशिरापर्यंत गजबज असते. जुन्या अरुंद गल्लीत आवाज वर चढतो. मध्यरात्रीनंतर गप्पा थांबल्या, तरी पहाटे रिकाम्या बाटल्या उचलणारी गाडी येते. त्यामुळे आई-वडिलांसाठी आतल्या चौकाकडे उघडणारी खोली मागावी. तिला देखावा नसतो आणि ती बहुधा स्वस्तही असते. कॅथेड्रलचा घुमट दिसणारी खोली आपण घ्यावी.

पत्ता शोधताना एक गफलत हमखास होते. फ्लॉरेन्समध्ये घर क्रमांकांच्या दोन स्वतंत्र मालिका आहेत. दुकाने आणि उपाहारगृहे यांना लाल क्रमांक, तर घरांना काळे किंवा निळे क्रमांक असतात, आणि लाल क्रमांकापुढे पत्त्यात ‘आर’ लिहिलेले असते. एकाच रस्त्यावर लाल २४ आणि काळा २४ एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. वरच्या मजल्यावरील हॉटेलला सहसा काळा क्रमांक असतो. तिथे मोठी झगमगती पाटी शोधू नये. जाड लाकडी दाराशेजारी घंटांची पितळी पट्टी असते आणि तीवर रहिवाशांच्या नावांच्या रांगेतच हॉटेलचे नाव असते. गाडी भाड्याने घेऊन थेट दारात उतरण्याचा विचार असेल, तर तो आधी मालकांना कळवावा. मध्यवर्ती भागात मर्यादित वाहतूक क्षेत्र असून प्रवेशावर कॅमेरे आहेत. सामान उतरवण्यासाठी गाडीचा क्रमांक हॉटेलमार्फत नोंदवावा लागतो. नोंद राहिली, तर दंडाची सूचना आपण परत आल्यावर कित्येक महिन्यांनी येते.

आता वेळापत्रकाकडे वळू. मोठ्या हॉटेलात रात्री तीन वाजताही कोणी तरी गणवेश घालून उभे असते. इथे बहुतेकदा आई सकाळची न्याहारी पाहते, मुलगा किंवा सून दुपारी स्वागतकक्षावर बसते, आणि रात्री आठ-नऊनंतर त्यांनाही घरी जायचे असते. म्हणून आपली पोहोचण्याची वेळ तासानिशी कळवावी, आणि गाडीला उशीर झाला तर गाडीतूनच फोन करावा. ही गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो, कारण बंद दारासमोर पाच माणसे सामानासह उभी राहण्याचे बहुतेक प्रसंग एवढ्या एका फोनने टळतात. पोहोचल्यावर सर्वांचे पासपोर्ट मागितले जातात आणि काही वेळ ठेवूनही घेतले जातात. त्यात काळजीचे काही नाही, कारण प्रत्येक पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांकडे पाठवणे इटलीत कायद्याने सक्तीचे आहे. त्यानंतर रस्त्यावरचे दार, हॉटेलचे दार आणि खोली अशा तीन किल्ल्या हाती येतात. रस्त्यावरचे दार कसे उघडते, हे मालकांसमोरच एकदा स्वतः उघडून पाहावे. जुन्या कुलपांत किल्ली थोडी बाहेर ओढून फिरवावी लागते, आणि हे ज्ञान रात्री साडेदहाला पावसात मिळवण्यात मजा नाही.

निवास-कर वेगळा द्यावा लागतो आणि तो बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. फ्लॉरेन्समध्ये तो दर माणशी, दर रात्री, ताऱ्यांनुसार घेतला जातो. अलीकडच्या दराने तीन-तारांकित हॉटेलात तो ६ युरो आहे, जास्तीत जास्त सलग ७ रात्रींसाठी लागतो, आणि १२ वर्षांखालील मुलांना माफ आहे. म्हणजे या कुटुंबाला चार मोठ्या माणसांचे पाच रात्रींचे १२० युरो द्यावे लागतील. लहान हॉटेले हा कर रोखीत मागतात, तेव्हा तेवढी रोकड वेगळी काढून ठेवावी.

ऑक्टोबरच्या अखेरीस जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची बाब खोलीतील उबेची आहे आणि तीच कोणी विचारत नाही. इटलीत मध्यवर्ती हीटिंग कधी चालवायचे, हे हवामान-विभागांनुसार ठरवून दिलेले आहे. फ्लॉरेन्स ज्या विभागात येते, तिथे ते १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात आणि दिवसाला जास्तीत जास्त १२ तास चालवता येते. महापौर विशेष परिस्थितीत सवलत देऊ शकतात, पण त्यावर विसंबून राहू नये. दिवसा कोवळे ऊन असते आणि रात्री जाड दगडी भिंतींची खोली गार पडते. मालक कंजूस आहे, असे समजून मन कडू करून घेण्यापेक्षा दोन प्रश्न आधी विचारावेत. खोलीत भिंतीवरचे स्वतंत्र वातानुकूलन यंत्र आहे का आणि ते गरम हवाही देते का? नसल्यास जादा ब्लँकेटे मिळतील का? ब्लँकेटे बहुधा कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतातच. शिवाय १ नोव्हेंबरला इटलीत सार्वजनिक सुट्टी असते आणि ती शनिवार-रविवारला जोडून आली, की इटालियन लोकही मोठ्या संख्येने फ्लॉरेन्सला येतात. आपल्या तारखा तिला लागून असतील, तर खोल्या फार आधी धराव्यात.

पाच माणसे एका खोलीत मावणे कठीण आहे. एक तिघांची आणि एक दोघांची अशा दोन खोल्या एकाच मजल्यावर मागाव्यात. दुहेरी पलंग म्हणजे पुष्कळदा दोन एकेरी खाटा जोडून वर एक चादर घातलेली असते. आई-वडिलांना वेगळ्या खाटा हव्या असल्यास नुसते सांगितले तरी होते. न्हाणीघर लहान असते, कारण ते मुळात नव्हतेच. खोलीचा कोपरा भिंत घालून वेगळा काढलेला असतो, आणि शॉवरच्या काचेच्या कोठीत धिप्पाड माणसाला वळताना अडचण होते. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे इटलीत बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचे बसके भांडे, जवळपास सर्वत्र असतो, त्यामुळे युरोपात अन्यत्र आपल्या लोकांची जी पंचाईत होते ती इथे होत नाही. शॉवरजवळ छतापासून एक दोरी लोंबत असते. ती दिव्याची नाही. कोणी घसरून पडल्यास मदत मागण्याची ती घंटा आहे. वडिलांना आणि मुलीला हे आधी सांगितले नाही, तर पहिल्या संध्याकाळी मालकीणबाई धापा टाकत दाराशी येणार, हे नक्की समजावे.

न्याहारी साधारण आठ ते दहा या वेळेत असते आणि ती गोड असते. कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पदार्थ), घरी केलेला केक, जॅमचा टार्ट, फळे, दही, चीज, आणि एका ताटलीत मांसाचे पातळ काप असा साधारण थाट असतो. काही हॉटेलांत स्वयंपाकघर नसल्याने खालच्या कॅफेचे कूपन देतात. तिथे उभ्याने खाल्ले तर एक दर आणि टेबलावर बसून खाल्ले तर त्याहून जास्त, ही इटलीची सर्वत्र रीत आहे. त्यामुळे कूपनात बसण्याचा समावेश आहे का, ते विचारावे. शाकाहाराबाबत ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्याने भागत नाही. अंडे चालते का, हे स्वतंत्रपणे सांगावे, कारण केक आणि कोर्नेत्तोत ते असते. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा घटक, वापरून करतात. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी पास्त्यावर चीज भुरभुरू नका असे सांगावे. जेवणाच्या बाबतीत तोस्काना आपल्याला अनुकूल आहे. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळी कोबी यांचे दाट सूप, आणि पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. हे दोन्ही पदार्थ बहुधा शाकाहारी असतात आणि वयस्कर माणसांना पचतात. मात्र मांसाचे पाणी वापरले आहे का, हे विचारून घ्यावे. इथला नेहमीचा पाव मुळातच बिनमिठाचा असतो, तेव्हा तो अळणी लागला म्हणून परत पाठवू नये.

घरगुती हॉटेलचा खरा लाभ अशाच बारीकसारीक चौकशीत होतो. कोणत्या खाणावळीत आपल्याला खाता येईल, कोणते औषधांचे दुकान रविवारी उघडे असते, आईला चालवत नसेल तर टॅक्सी कोणत्या कोपऱ्यावर येईल, हे त्या शहरात आयुष्य काढलेली माणसे सांगतात. त्यांना कासीने उद्यानातील ‘इंडियानो’विषयी, म्हणजे ‘भारतीया’च्या स्मारकाविषयी, जरूर विचारावे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच विशीतच वारले, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४मध्ये छत्री आणि अर्धपुतळा उभारण्यात आला, आणि पुढे जवळच झालेल्या पुलालाही ‘इंडियानो’चेच नाव मिळाले. त्यामुळे शहरातील सामान्य माणसालाही हे नाव ठाऊक असते. उद्यान लांबच लांब आहे आणि स्मारक त्याच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्रामने उद्यानाच्या पहिल्या थांब्यावर उतरून चालत जाण्याचे धाडस आई-वडिलांसह करू नये. हॉटेलमधून टॅक्सी मागवावी आणि परतीचीही व्यवस्था तिथेच सांगून ठेवावी.

बुकिंगचे म्हणाल, तर खोली संकेतस्थळावर शोधावी आणि मग हॉटेलला थेट ई-मेल करावा. मध्यस्थ संकेतस्थळे हॉटेलांकडून मोठे कमिशन घेतात. हॉटेलने स्वतःच्या संकेतस्थळावर त्यांच्यापेक्षा कमी दर लावू नये, अशी अट घालणे इटलीत २०१७च्या कायद्याने रद्द ठरले आहे. त्यामुळे थेट विचारल्यास दर थोडा कमी होतो, किंवा न्याहारी त्यात धरली जाते, किंवा निदान आतल्या बाजूची शांत खोली तरी मिळते. शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा लागतो. त्या पत्रात पाचही जणांची पासपोर्टवरची नावे असली पाहिजेत, आणि लहान हॉटेले सवयीने एकच नाव लिहितात, हे लक्षात ठेवून नावांची यादी आपणच पाठवावी. व्हिसाचा निर्णय साधारणतः १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा स्वस्त दर व्हिसा हातात पडेपर्यंत घेऊ नये. त्याच ई-मेलमध्ये लिफ्टचे तिन्ही प्रश्न, हीटिंगचा प्रश्न, पोहोचण्याची वेळ आणि अंड्याबाबतची सूचना साध्या, छोट्या वाक्यांत लिहावी. उत्तर कसे येते, यावरूनही पुष्कळ कळते. ‘लिफ्टआधी सात पायऱ्या आहेत, पण सामान आम्ही वर नेऊ’ असे लिहिणारे घर मला ‘कोणतीही अडचण नाही’ असे लिहिणाऱ्या घरापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

आई-वडिलांना वीसेक पायऱ्याही चढवत नसतील, किंवा विमान मध्यरात्रीनंतर उतरणार असेल, तर मात्र हा नाद सोडून स्थानकाजवळचे मोठे हॉटेल घ्यावे. या प्रश्नात तसे काही दिसत नाही.

निघण्याच्या दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळीच करावी. सकाळी लवकर निघायचे असेल, तर स्वागतकक्ष बंद असेल, म्हणून हिशेब आणि निवास-कर रात्रीच चुकता करावा, किल्ल्या कुठे ठेवायच्या ते विचारावे, आणि न्याहारीऐवजी काही बांधून मिळेल का तेही पाहावे. फ्लॉरेन्समध्ये रस्त्यात हात दाखवून टॅक्सी मिळेलच असे नसते, तेव्हा ती मालकांकडूनच फोनवर सांगून घ्यावी आणि पाच माणसे व सामान आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे, म्हणजे मोठी गाडी येईल. परतीची रेल्वेगाडी दुपारची असेल, तर खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवता येते. मात्र दुपारी कोणी नसण्याचीही वेळ असते, म्हणून सामान घ्यायला किती वाजता यायचे हे ठरवूनच बाहेर पडावे.